घर लांबतंय? नागपुरात पहिलं घर घेताना उशीर झाला तर काय काय करायचं

नागपुरात पहिलं घर घेणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "बस भाऊ, पंधरा दिवसात होऊन जाते". बिल्डर तेच म्हणतो, एजंट तेच म्हणतो, बँकेतला लोनवाला पोरगा तेच म्हणतो, विकणारे काकाही तेच म्हणतात, आणि ते पंधरा दिवस गुढीपाडव्याला सुरू होऊन दसऱ्यापर्यंत चालूच असतात. घरी बायको विचारून राहिली की किराया अजून किती महिने भरायचा, आई विचारते वास्तू कधी ठरवायची, मुलाची शाळा बदलायची की नाही ते ठरत नाही, आणि तुमच्याजवळ सांगायला काहीच नसतं.

ओळखीच्या, नात्यातल्या, ऑफिसातल्या बऱ्याच लोकांच्या घराच्या फायली मी जवळून पाहिल्या आहेत, कोणासोबत रजिस्ट्रीला गेलो, कोणाचे कागद वाचून दिले. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. उशीर जवळपास सगळ्यांनाच होतो, पण ज्यांना आपली फाईल नेमकी कोणाच्या टेबलावर अडकली आहे ते माहीत होतं आणि ज्यांनी कागद पुढे सरकल्याशिवाय पैसा पुढे सरकू दिला नाही, त्यांचं नुकसान कमी झालं. खाली जे लिहितोय ते सगळं याच दोन गोष्टींभोवती आहे.

पहिले हे विचारा

कोणी "काम चालू आहे" म्हटलं की तिथेच थांबवून चार गोष्टी विचारायच्या: कोणता कागद बाकी आहे, तो कोणाकडे आहे, कधी अर्ज केला, आणि अर्जाची पावती दाखवा. बस. एवढ्यावर अर्धं चित्र साफ होतं. ज्याच्याकडे खरंच काम चालू आहे तो पाच मिनिटात पावतीचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकतो, ज्याने अर्जच केला नाही तो "साहेब सुट्टीवर आहे" सांगतो. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, फक्त पावती मागत राहायची. आणि एक साधी वही ठेवा, तारीख, कोणाशी बोललो, काय म्हणाला, पुढची तारीख कोणती दिली. पुढे तक्रार करायची वेळ आलीच तर हीच वही कामी येते, आणि तोवर तुमचं डोकंही शांत राहतं कारण सगळं डोक्यात ठेवावं लागत नाही.

जुनं घर किंवा प्लॉटवरचं घर घेत असाल तर

इथे उशीर होतो तो मालकीच्या कागदांत, आणि नागपुरात या कागदांची भानगड आपल्या गावाची स्वतःची आहे, पुण्या-मुंबईच्या लोकांचे सल्ले इथे पूर्ण लागू होत नाहीत.

आधी पाहा की जागा कोणाच्या हद्दीत आणि कोणत्या प्रकारची आहे. नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लीजचा प्लॉट असेल तर विकायला त्यांची एनओसी लागते आणि आधीची लीजची रक्कम थकलेली असेल तर ती भरल्याशिवाय फाईल हलत नाही. नझूलची म्हणजे सरकारी लीजची जागा असेल तर लीजचं नूतनीकरण झालंय का ते पाहावं लागतं, नसेल झालं तर ते मालकाने आधी करून घ्यायचं, तुमच्या बयान्याच्या (इसाराच्या) भरवशावर नाही. दक्षिणेकडे हुडकेश्वर, नरसाळा, बेसा, दिघोरी किंवा उत्तरेकडे गोधनी, झिंगाबाई टाकळी या बाजूला जुने ले-आउट आहेत, त्यातले बरेच मूळचे विनापरवानगीचे, ५७२ आणि १९०० ले-आउटचा (अशा विनापरवानगी ले-आउटच्या याद्यांचा) विषय नागपुरात कोणाला माहीत नाही? २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली ते प्लॉट नियमित होतात, डिमांड म्हणजे भरायच्या शुल्काची नोटीस निघते, ती भरली की आरएल म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र मिळतं. आता "डिमांड भरली आहे" आणि "आरएल मिळाला आहे" यात फार फरक आहे. नुसती डिमांडची पावती बघून बयाना देऊ नका, बँक आरएल मागेल, आणि तो कधी हातात येईल याची तारीख कोणीच लिहून देत नाही. आरएलवरचं नाव, प्लॉट नंबर, खसरा नंबर, मौजा आणि क्षेत्रफळ हे सगळं रजिस्ट्रीतल्याशी अक्षर-अक्षर जुळवून बघा. खसऱ्याच्या एका आकड्याची चूक असली तरी चूक-दुरुस्ती पत्र करावं लागतं, त्याला पुन्हा दोन्ही पार्ट्या रजिस्ट्री ऑफिसात लागतात, आणि जुना विकणारा वारला असेल किंवा गावी निघून गेला असेल तर मग महिने जातात.

दुसरी मोठी अडचण वारसांची. घर आजोबांच्या नावावर, आजोबा गेले, आखिव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) किंवा सातबाऱ्यावर नाव तसंच, राहतो एक मुलगा, आणि तोच विकायला निघालाय. माणूस चांगला असतो, खोटं बोलत नसतो, त्याला खरंच वाटत असतं की घर त्याचंच आहे. पण बहिणींचाही हक्क असतो, त्या कामठीत असोत की रायपूरला. त्यांच्या सह्या तरी लागतात किंवा हक्कसोडपत्र लागतं, आणि ते हक्कसोडपत्र रजिस्टर्डच पाहिजे, शंभरच्या स्टॅम्पवर लिहिलेलं चालत नाही. मग फेरफारला अर्ज, त्यात आक्षेपांसाठी १५ दिवसांची नोटीस, कोणी आक्षेप घेतला तर पुढे सुनावणी. म्हणजे सगळे राजी असले तरी हे काम एका महिन्यात होईल असं धरून चालू नका. जिथे एक बहीण "बघू" म्हणून राहिली आहे तिथे माझा स्पष्ट सल्ला असा की त्या घराचा नाद तेव्हापुरता सोडा, घर कितीही आवडलेलं असू द्या, दुसरं पाहायला लागा. ते मोकळं झालं तर परत येता येतं.

तिसरं, विकणाऱ्याचं स्वतःचं लोन चालू असतं. यात घाबरण्यासारखं काही नाही, रोज असे व्यवहार होतात, पण क्रम माहीत पाहिजे. विकणाऱ्याने त्याच्या बँकेतून फोरक्लोजर लेटर म्हणजे लोन बंद करायला किती रक्कम लागेल त्याचं पत्र आणि एलओडी म्हणजे बँकेकडे जमा असलेल्या कागदांची यादी काढायची, ती तुमच्या बँकेला द्यायची, तुमची बँक त्याच्या बँकेच्या नावाने पैसे देते आणि मग ओरिजिनल कागद सुटतात. एलओडी मिळायलाच कधीकधी दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून घर पसंत पडलं त्याच दिवशी विकणाऱ्याला त्याचा अर्ज टाकायला सांगा, भाव ठरायची वाट पाहू नका. लोन पूर्ण फिटल्यावर ओरिजिनल कागद ३० दिवसांत परत द्यायचे आणि घरावरचा चार्ज म्हणजे बोजाही काढायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते. हे बऱ्याच विकणाऱ्यांना माहीतच नसतं, तुम्ही सांगा त्यांना. ब्रँचमध्ये हा नियम लिहून अर्ज दिला की फाईल बऱ्यापैकी लवकर हलते.

बयाना देताना

बयाना करायच्या दिवशी सगळे खुशीत असतात, पेढे आणलेले असतात, आणि अर्जनवीस किंवा एजंट छापील मजकूर पुढे सरकवतो. हाच कागद पुढे उशीर झाला की तुम्हाला वाचवतो किंवा बुडवतो, म्हणून इथे अर्धा तास जास्त घालवा, सासरे घाई करून राहिले तरी घालवा. त्यात हे असायलाच पाहिजे: रजिस्ट्री कोणत्या तारखेपर्यंत करायची, कोणकोणते कागद विकणाऱ्याने कधीपर्यंत द्यायचे, टायटलमध्ये म्हणजे मालकी हक्कात गडबड निघाली किंवा त्या कारणाने बँकेने लोन नाकारलं तर बयाना पूर्ण परत आणि किती दिवसांत परत, आणि मुदत वाढवायची असेल तर दोघांच्या सहीने लेखी वाढवायची. शेवटचं वाक्य लोक हमखास विसरतात. मुदत संपते, फोनवर "चालते ना भाऊ" होतं, आणि दोन महिन्यांनी भाव वाढला की विकणारा म्हणतो बयाना तर संपला.

पैसे चेकने किंवा आरटीजीएसनेच द्या. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्यात बसतच नाही, आणि दुसरं म्हणजे रोख दिलेल्या पैशाचा पुरावा नसतो, व्यवहार फिसकटला तर मागणार कसे? बयाना जितका लहान तितकं चांगलं, आणि सगळं एकदम देण्यापेक्षा टप्प्याने द्या, वारसांच्या सह्या झाल्या की एवढे, एनओसी हातात आली की एवढे.

वकील स्वतःचा करा, विकणाऱ्याचा किंवा एजंटचा नको. तीस वर्षांचा सर्च म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी करायला सांगा आणि पेपरात जाहीर नोटीस द्यायला सांगा. नोटिशीमुळे आठ-पंधरा दिवस वाढतात पण हा उशीर तुमच्या फायद्याचा आहे.

बँकेतला उशीर

बँक एकच असली तरी आत तीन वेगळी कामं असतात, तुमची कमाई तपासणं, वकिलाकडून घराचे कागद तपासणं, आणि इंजिनिअरकडून घराची किंमत काढणं. "प्रोसेसमध्ये आहे" म्हटलं की यातलं कोणतं बाकी आहे ते विचारा. लीगलवाल्याने काय क्वेरी काढली ती लेखी मागा, ईमेलवर मागा. बऱ्याचदा क्वेरी चार दिवस आधी निघालेली असते आणि ती तुमच्यापर्यंत पोचलेलीच नसते.

सँक्शन लेटरला मुदत असते, साधारण तीन ते सहा महिने, आणि ती निघून गेली तर पुन्हा कागद, पुन्हा सिबिल, व्याजदर बदललेला. मुदत संपायच्या महिनाभर आधी वाढवून मागा. या काळात नवीन बाइक, मोबाइल, फ्रिज काहीही ईएमआयवर घेऊ नका, कोणाला गॅरेंटर राहू नका, नोकरी बदलायची असेल तर बँकेशी बोलून मगच. लोक सहज म्हणून एक छोटं लोन घेतात आणि घराच्या लोनची पात्रता दोन-तीन लाखांनी खाली येते.

रजिस्ट्रीचा दिवस

यावर थोडं बारीक लिहितो कारण सगळं झाल्यावर इथे दिवस वाया जातो तेव्हा माणूस फार खचतो. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात सर्व्हर स्लो असणं नेहमीचंच, म्हणून स्लॉट सकाळचा घ्या, आणि शक्यतो महिनाअखेर, मार्चअखेर आणि पितृपक्षाच्या लगेच आधी-नंतरचे दिवस टाळा, तेव्हा गर्दी असते. डेटा एन्ट्री आदल्या दिवशी पूर्ण करून घ्या आणि तिची प्रिंट घरी बसून वाचा, नावातला काना-मात्रा, आधार नंबर, चतुःसीमा, पूर्वेला कोणता प्लॉट पश्चिमेला कोणता रोड, सगळं. दोन साक्षीदार आधार कार्डासह वेळेवर हजर पाहिजेत, एक जास्तीचा ठेवा.

सगळ्यात जास्त अडतं ते अंगठ्यावर. विकणाऱ्या आजी असतात सत्तर-पंचाहत्तरच्या, आयुष्यभर भांडी-धुणं केलेलं, बोटांच्या रेषा झिजलेल्या, मशीन घेतच नाही. एका रजिस्ट्रीत मी पाहिलं, आजींनी पाच-सहा वेळा अंगठा ठेवला, ऑपरेटर कंटाळला, मागे रांग ओरडायला लागली, आजी रडकुंडीला आल्या की माझ्यामुळे अडून राहिलं. त्यांच्या सुनेने ओल्या रुमालाने बोट पुसलं, थोडं चोळून गरम केलं, दुसरं बोट ठेवलं आणि झालं. तर घरात वयस्कर माणूस असेल तर आठवडाभर आधी जवळच्या आधार सेंटरवर बायोमेट्रिक अपडेट करून घ्या, आणि त्यांना बसायला जागा, पाणी, बिस्किट याची सोय करा. मे महिन्यात ४५ डिग्रीत म्हातारं माणूस दुपारी दोनपर्यंत तिथे बसवून ठेवणं बरोबर नाही.

स्टॅम्प ड्युटीची रक्कम आणि रजिस्ट्रेशन फी (ती १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही) आधीच खात्यात वेगळी ठेवा. घर फक्त बाईच्या नावाने होत असेल तर ड्युटीत १ टक्का सूट आहे, तेही आधी ठरवा, ऐनवेळी नाव बदललं तर बँकेचे कागद परत फिरतात.

नवीन फ्लॅट बुक केलाय आणि ताबा लांबतोय

आता हा मोठा विषय. बेसा-बेलतरोडी, मनीषनगर, वर्धा रोडवर जामठ्यापर्यंत, हिंगणा रोड, कोराडी रोड, सगळीकडे स्कीम चालू आहेत आणि उशिराची कारणं ठरलेली असतात. काही खरी असतात. पावसाळ्यात नदीपात्रातून रेती काढणं बंद असतं, साठा केला नसेल तर प्लास्टर अडतं. मे महिन्यात दुपारचं काम बंद ठेवावंच लागतं, आणि छत्तीसगड, बालाघाटकडचे मजूर शेतीच्या दिवसांत आणि होळी-दिवाळीला गावी जातात. हे समजून घेतलं पाहिजे. पण उन्हाळा आणि पावसाळा नागपुरात दरवर्षी येतो, बिल्डरने करारात तारीख टाकली तेव्हाही त्याला माहीत होतं, म्हणून एक-दोन महिने समजून घ्या, वर्ष नाही.

पहिलं काम, महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) वेबसाइटवर प्रोजेक्ट उघडा. नंबर जाहिरातीवर, करारावर असतोच, आणि ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही लागतो तो मोबाइलने स्कॅन केला तरी चालतं. तिथे तीन गोष्टी पाहा. एक, पूर्ण करण्याची मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख. दोन, दर तीन महिन्यांनी टाकायची प्रगतीची माहिती टाकली आहे का, शेवटची कधीची आहे. तीन, आर्किटेक्ट आणि इंजिनिअरच्या सर्टिफिकेटमध्ये किती टक्के काम दाखवलंय. मग रविवारी साइटवर जा आणि ते टक्के डोळ्यांनी जुळवून बघा. बाहेरून रंग झाला म्हणून खूश होऊ नका, लिफ्टच्या खड्ड्यात लिफ्ट बसली का, पॅनेल रूममध्ये मीटरचे डबे लागले का, पाण्याची टाकी आणि ड्रेनेज मेन लाइनला जोडलं का, फायरचे पाइप टाकले का, हे बघा, ताबा यांच्यामुळे लांबतो. वॉचमनशी दोन शब्द प्रेमाने बोला, किती मजूर रोज येतात ते तो बरोबर सांगतो.

बिल्डरने महारेराकडून मुदत वाढवून घेतली म्हणजे तुमच्या करारातली तारीख बदलली असं होत नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण ऑफिसात बसून "रेराने एक्स्टेंशन दिलंय ना" असंच सांगतात. तुमचा हक्क तुमच्या रजिस्टर्ड करारातल्या ताब्याच्या तारखेपासून मोजला जातो. त्या तारखेनंतर रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे तुमच्यासमोर दोन रस्ते असतात, बाहेर पडायचं तर भरलेले सगळे पैसे व्याजासकट परत, राहायचं तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सगळ्यात जास्त एमसीएलआरवर (बँकेच्या कर्जाच्या मूळ व्याजदरावर) २ टक्के असा असतो. समजायला सोपं म्हणून १० टक्के धरले आणि तुम्ही २५ लाख भरलेले असले तर महिन्याचे जवळपास २०,८०० रुपये होतात, म्हणजे बऱ्याच लोकांचा किराया निघून वर उरतो.

तारीख उलटली की लगेच ईमेल टाका आणि तोच मजकूर रजिस्टर्ड पोस्टानेही पाठवा. भाषा साधी ठेवा, असं काहीतरी: "आमच्या करारातील कलम अमुकप्रमाणे फ्लॅट क्रमांक अमुकचा ताबा अमुक तारखेपर्यंत द्यायचा होता. आजपर्यंत ताबा मिळालेला नाही. कोणती कामं आणि कोणत्या परवानग्या बाकी आहेत, त्या कधी पूर्ण होतील आणि ताब्याची नवीन तारीख काय, हे सात दिवसांत लेखी कळवावे. उशिराच्या काळाचे कलम १८ प्रमाणे व्याज मागण्याचा आमचा हक्क आम्ही राखून ठेवत आहोत." शिव्या नाहीत, धमकी नाही. आणि त्यानंतर बिल्डर एखाद्या कागदावर सही मागेल की नवीन तारीख मान्य आहे, तर वाचल्याशिवाय करू नका, त्यात बहुतेक वेळा व्याजाचा हक्क सोडल्याची एक ओळ असते.

त्याच स्कीममधले बाकीचे लोक शोधा. पाच-सात जण मिळून गेलात तर मालक स्वतः भेटतो, एकटे गेलात तर रिसेप्शनवरची मुलगी पाणी देऊन परत पाठवते. ग्रुप बनवा पण ग्रुपमध्ये नुसते टोमणे नको, एक जण वेबसाइट पाहील, एक जण साइटचे फोटो तारखेसह टाकेल, एक जण पत्रव्यवहार करेल असं वाटून घ्या.

तरी हललं नाही तर महारेराचा सलोखा मंच आहे, तिथे दोन्ही बाजू तयार असतील तर बसून तोडगा निघतो, आणि नाहीतर सरळ ऑनलाइन तक्रार, फी ५,००० रुपये. आदेश झाल्यावरही बिल्डरने पैसे दिले नाहीत तर वसुलीचं वॉरंट कलेक्टर ऑफिसकडे जातं, त्याला वेळ लागतो हे आधीच मनाशी धरा. म्हणून माझं मत असं आहे की इमारत ऐंशी-नव्वद टक्के झाली असेल, काम हळू का होईना चालू असेल, तर आत राहून व्याज मागणं चांगलं. साइटवर महिनोन् महिने कुत्रंही फिरकत नसेल आणि प्रगतीची माहिती भरणंच बंद झालं असेल तर वकील गाठा आणि बाहेर पडायच्या तयारीला लागा, लाजू नका.

एक गोष्ट नागपुरात फार महत्त्वाची. आपल्याकडे तीन-साडेतीन हजार फुटाच्या प्लॉटवर जुनं घर पाडून सहा-आठ फ्लॅटची स्कीम टाकतात ना, ती बहुतेक वेळा रेरात नोंदलेलीच नसते, कारण ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर नोंदणीतून सूट आहे. त्यात लफडं असतंच असं नाही, पण वेबसाइट बघायची सोय नाही आणि तक्रार करायची तर ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. अशा ठिकाणी तर रजिस्टर्ड करार झाल्याशिवाय मोठी रक्कम देऊच नका, आणि त्यात ताब्याची तारीख आणि उशिराचं व्याज आपल्या हाताने लिहून घ्या. रेरावाल्या प्रोजेक्टमध्ये तर कायदाच सांगतो की रजिस्टर्ड कराराआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.

शेवटी ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा भोगवटा दाखला. "फिनिशिंगसाठी चावी घेऊन टाका, ओसी येऊन राहिली आहे" असं म्हणून ताबा देतात, बाकीचे सगळे पैसे घेतात, आणि मग मनपा किंवा एनएमआरडीएकडची (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडची) फाईल वर्षानुवर्षं पडून राहते कारण आता बिल्डरला काही अडकलेलं नसतं. ओसीशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका, पूजा करायची असेल तर एक दिवसासाठी लेखी परवानगी घेऊन पूजा करा, राहायला जाऊ नका. ओसी आल्यावर मात्र उशीर तुमच्याकडून नको, दोन महिन्यांच्या आत ताबा घ्यायची जबाबदारी कायद्याने घेणाऱ्यावर आहे.

तोवर घर कसं चालवायचं

किराया आणि बँकेचं व्याज दोन्ही एकदम, हे सगळ्यात जास्त दुखतं. ३० लाखांच्या लोनपैकी १८ लाख बिल्डरला गेले असतील तर ८.५ टक्क्यांनी महिन्याला १२,७५० रुपये नुसतं व्याज जातं, मुद्दल एक रुपयाही कमी होत नाही. बुकिंगच्या आधीच हिशोब करताना बिल्डरने सांगितलेल्या तारखेत वर्षभर वाढवा आणि तेवढे महिने किराया अधिक व्याज झेपतं का ते पाहा. झेपत नसेल तर तयार, ओसी आलेला फ्लॅट घ्या, थोडा लहान किंवा थोडा लांबचा असला तरी, त्यावर जीएसटीही लागत नाही, तर बांधकाम चालू असलेल्यावर ५ टक्के लागतो (४५ लाखांच्या आतल्या आणि नागपुरात ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या घरांना १ टक्का). बँक पुढचा हप्ता सोडायच्या आधी तुमची संमती घेते, तर साइटवर तो टप्पा खरंच झालाय का पाहूनच सही करा.

जुन्या कर पद्धतीत असाल तर अजून एक तारीख वहीत लिहा. लोन घेतलं त्या आर्थिक वर्षाच्या शेवटापासून पाच वर्षांत घर पूर्ण झालं नाही तर व्याजावरची २ लाखांची वजावट ३० हजारांवर येते. उशिराची भरपाई मागताना हे नुकसानही लिहा.

किरायाच्या घराचा अकरा महिन्यांचा करार संपत आला की घरमालकाला खरं सांगा आणि पुढचा करार करताना महिनाभराच्या नोटिशीवर सोडता येईल असं लिहून घ्या. नवीन घराच्या भरवशावर शाळा बदलू नका, जूनमध्ये पोरगं नव्या शाळेत आणि तुम्ही अजून जुन्याच मोहल्ल्यात असं झालं तर रोजचा हिंगणा ते मनीषनगर प्रवास त्या लेकराला करावा लागतो. मॉड्युलर किचन, पडदे, सोफा यांचे अॅडव्हान्स चावी हातात येईपर्यंत देऊ नका, भाव वाढला तर वाढला.

आणि घरातल्यांशी बोला. बऱ्याच घरात नवरा एकटाच सगळं डोक्यावर घेतो, बायकोला सांगतो होऊन राहिलं, आई-बाबांना सांगतो दिवाळीला जाऊ, आणि रात्री झोप नाही. आई-बाबांनी पीएफचे, शेतीचे पैसे दिलेले असतात, त्यांना कळायचा हक्क आहे. दर रविवारी चहाच्या वेळी ती वही उघडून सगळ्यांना सांगा, या आठवड्यात हे झालं, हे बाकी आहे, पुढची तारीख ही. बाकी सहा दिवस घराचा विषय नाही, नातेवाईकांनी विचारलं तरी एकच उत्तर, "कागद चालू आहेत, झालं की बोलावतो". बिल्डरला आणि बँकेला फोन कोणी करायचा तेही वाटून घ्या, घरात जी व्यक्ती शांत आवाजात चिकाटीने बोलते तिला ते काम द्या, बहुतेक घरात ती बायकोच असते आणि तिच्या एका फोनने काम होताना मी पाहिलंय.

चावी मिळाली की त्याच आठवड्यात महावितरणचं मीटर, पाण्याचं कनेक्शन आणि मनपाच्या मालमत्ता करावर आपलं नाव चढवायचे अर्ज टाका आणि तिन्हींच्या पावत्या त्याच फाईलमध्ये लावा. सामान हलवायच्या आधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा, भिंतीतला ओल, स्लॅबची चीर, टाइल्सचा पोकळ आवाज जे दिसेल ते बिल्डरला ईमेलने कळवा. बांधकामातल्या दोषाची दुरुस्ती ताब्यापासून पाच वर्षं त्याच्याच खर्चाने त्याने करून द्यायची असते, आणि कळवल्यापासून ३० दिवसांत करायची असते, म्हणून पहिला पावसाळा संपला की गच्ची आणि बाथरूमच्या भिंती पुन्हा एकदा बघून दुसरा ईमेल टाका.